संघराज्याचे सांधे : डमडमपासून मुलचेऱ्यापर्यंत

१

संघराज्यपद्धतीमुळे सार्वजनिक धोरणांची परिणामकारकता वाढते की घटते, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा आणि लोकप्रशासनाचा मानला जातो, आणि त्याची उत्तरेही त्या शास्त्रांच्या परिभाषेत दिली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, सत्ता विभागली गेल्याने निर्णय लांबतात, जबाबदारी टाळली जाते आणि एकाच देशातील नागरिकांना निरनिराळ्या दर्जाची वागणूक मिळते. दुसरा पक्ष म्हणतो की, स्थानिक गरज स्थानिक शासनालाच कळते. एका राज्यात केलेला प्रयोग यशस्वी झाला तर तो इतरांना उचलता येतो, फसला तर सारा देश फसत नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष धोरणाकडे ते जेथून निघते त्या टोकाकडून पाहतात. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे धोरण ज्याच्यापर्यंत पोहोचावयाचे असते त्या माणसाच्या बाजूने, पाहता येतो. कारण त्याच्यापुढे असलेली आत्मचरित्रे आणि कथा-कादंबऱ्या त्या माणसाने लिहिलेल्या किंवा त्या माणसाविषयीच्या असतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. राज्यघटनेने विषयांची वाटणी केली. पण माणसाची अशी वाटणी होत नाही. एकाच निर्वासित कुटुंबाचे नागरिकत्व संघसूचीत येते, त्याचे पुनर्वसन समवर्ती सूचीत येते आणि त्याला द्यावयाची जमीन राज्यसूचीत येते. अशा वेळी धोरण फसते ते बहुधा कोणत्याही एका सूचीच्या पोटात नव्हे, तर दोन सूचींच्या किंवा दोन राज्यांच्या सांध्यावर फसते. या सांध्यावर काय घडले याची नोंद शासकीय अहवालांत क्वचितच सापडते, कारण प्रत्येक अहवाल आपापल्या अधिकाराच्या हद्दीपाशी थांबतो. हद्द ओलांडून जाणारे माणूसच ती नोंद करू शकते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे, आणि मराठी अभ्यासकाला ते दूरचे वाटण्याचे कारण नाही. कारण त्यातील एक वाट कोलकात्याच्या डमडमवरून निघून आजच्या गडचिरोली जिल्ह्यापर्यंत पोहोचली आहे.

२

डमडम हे नाव बाहेरच्या जगाला माहीत झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील शस्त्रागारात तयार झालेल्या बंदुकीच्या गोळीमुळे, आणि नंतर विमानतळामुळे. परंतु फाळणीच्या इतिहासात या स्थानाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. सियालदा स्थानकातून उत्तरेकडे निघालेला लोहमार्ग डमडम जंक्शनपाशी दुभंगतो. एक फाटा राणाघाटवरून गेदेच्या सरहद्दीकडे जातो. दुसरा डमडम कॅन्टोन्मेंट आणि बारासात यांवरून बनगावला पोहोचतो. फाळणीपूर्वी हाच दुसरा मार्ग पुढे जेसोर आणि खुलना येथे जात असे. त्याला जवळजवळ समांतर असा जेसोर रोड श्यामबाजारकडून निघून नागेरबाजार व विमानतळ यांच्या कडेने बनगावकडे जातो. तेव्हा खुलना, जेसोर, फरीदपूर, बरिसाल या जिल्ह्यांतून या मार्गांनी कोलकात्यात येणाऱ्या निर्वासिताला डमडमवरून जाणे भाग होते. काही येथेच उतरले. डमडम, दक्षिण डमडम आणि उत्तर डमडम या तीन नगरपालिकांच्या परिसरात निर्वासितांच्या वसाहतींची दाटी झाली ती त्यामुळे. बाकीचे पुढे सियालदाच्या फलाटांवर गेले, तेथून छावण्यांत, आणि त्यांतील हजारो कुटुंबे छावण्यांतून बंगालच्या बाहेर.

१९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये वीस लाखांहून अधिक निर्वासितांची नोंद झाली. त्यांच्यासाठी धोरण ठरविण्याचा अधिकार कोणाचा होता? राज्यघटनेने याचे उत्तर स्पष्टपणे दिले आहे. समवर्ती सूचीतील २७ वी नोंद भारत आणि पाकिस्तान ही अधिराज्ये स्थापन झाल्यामुळे मूळ ठिकाणाहून विस्थापित झालेल्या व्यक्तींच्या मदतीविषयी आणि पुनर्वसनाविषयी आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही अधिकार होता. परंतु दोघांनाही अधिकार असणे आणि दोघांपैकी एकावर निश्चित जबाबदारी असणे या भिन्न गोष्टी आहेत. पैसा प्रामुख्याने केंद्राकडून यावयाचा होता. जमीन हा राज्यसूचीतील विषय असल्याने ती राज्याने द्यावयाची होती. आणि कोण निर्वासित व कोण नाही हे ठरविणाऱ्या तारखा केंद्राच्या होत्या. पश्चिम बंगालचे शासन पैशाची वाट पाहत राहिले आणि केंद्र जमिनीची.

या वाट पाहण्याच्या काळात निर्वासितांनी स्वतःच पडीक जमिनी, बागा आणि महायुद्धानंतर रिकामे पडलेले लष्करी तळ ताब्यात घेऊन वसाहती उभ्या केल्या. त्यांना बंगालीत ‘जबरदखल’ वसाहती असे नाव पडले. १९५१ मध्ये पश्चिम बंगालच्या शासनाने अनधिकृत कब्जेदारांना हटविण्यासंबंधी कायदा केला. निर्वासितांच्या आंदोलनामुळे त्यात विस्थापितांना पर्यायी जागेखेरीज हलवू नये अशा आशयाची तरतूद करावी लागली. १९५० अखेरपर्यंत बसलेल्या अशा १४९ वसाहती पुढे मान्यताप्राप्त ठरल्या. नंतर बसलेल्यांना दीर्घ काळ थांबावे लागले, आणि ज्या वसाहती केंद्र शासनाच्या मालकीच्या जमिनीवर होत्या त्यांची स्थिती सर्वांत बिकट झाली. डमडमसारख्या परिसरात रेल्वेची, विमानतळाची आणि शस्त्रनिर्मिती कारखान्याची जमीन ही केंद्राची, आणि तिला लागून असलेली जमीन राज्याच्या कायद्याखालची. घरामधून सरहद्द दिसत नाही. पण एका बाजूच्या घराला मालकीचा कागद राज्य देऊ शकते आणि दुसऱ्या बाजूच्या घराला देऊ शकत नाही. केंद्राच्या आणि खाजगी मालकीच्या जमिनींवरील वसाहतीही नियमित करण्याचा निर्णय पश्चिम बंगालच्या शासनाने जाहीर केला तो २०१९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे फाळणीनंतर ७२ वर्षांनी.

३

येथे असा आक्षेप येऊ शकेल की, हा दोष संघराज्याचा नसून केवळ साधनांच्या अपुरेपणाचा आहे. या आक्षेपाची तपासणी करण्यास महाराष्ट्रातीलच एक उदाहरण उपयोगी पडते. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीतील प्रारंभीचे हाल कमी नव्हते. परंतु पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांच्या बाबतीत ही लोकसंख्या परत जाणार नाही हे केंद्राने गृहीत धरले होते; त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदविले गेले आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमाने त्यांना भरपाई मिळण्याची वाट खुली झाली. पूर्वेकडील निर्वासितांबाबत गृहीत नेमके उलट होते. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात अल्पसंख्याकांच्या मालमत्तेचे हक्क अबाधित राहतील व ते परत जाऊ शकतील अशी अपेक्षा होती. म्हणून त्यांच्यासाठी भरपाईची व्यवस्था झाली नाही. माणसे परतली नाहीत. उलट येतच राहिली.

म्हणजे पश्चिमेत केंद्राने जबाबदारी निःसंदिग्धपणे स्वीकारली, आणि पूर्वेत ती ‘तात्पुरत्या मदती’च्या नावाखाली केंद्र व राज्य यांच्यामध्ये लोंबकळत ठेवली. घटना एकच, सूचीतील नोंद एकच. परिणाम मात्र भिन्न. यावरून असे म्हणता येईल की, अधिकारांची वाटणी ही स्वतः धोरणाला तारत नाही किंवा मारत नाही. वाटणीच्या सांध्यावर अखेरची जबाबदारी कोणी घेतली, यावर ते अवलंबून असते.

सिंधी भाषेच्या बाबतीतही हा भेद दिसतो. सिंधीला भारतात स्वतःचे राज्य नाही. तरी १९६७ च्या २१ व्या घटनादुरुस्तीने तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. राज्य नसल्यामुळेच केंद्राने तिची दखल घेतली. बंगालीला राज्य आहे. म्हणून बंगालबाहेर वसविलेल्या बंगाली शेतकऱ्याच्या भाषेची काळजी त्या राज्याने घ्यावी असे केंद्राला वाटते, आणि तो माणूस आपल्या हद्दीत नाही असे त्या राज्याला वाटते.

४

पुनर्वसनाच्या धोरणात पुढे तारखांना विलक्षण महत्त्व आले. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले ‘जुने’ निर्वासित ठरले. त्यानंतर १९६३ अखेरपर्यंत आलेल्यांना मदतीस पात्र मानले गेले नाही. १९६४ च्या आरंभी पूर्व पाकिस्तानातील दंगलींमुळे पुन्हा लोंढा आला तेव्हा १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेल्यांचा ‘नवे’ निर्वासित असा वर्ग करण्यात आला. मात्र त्यांनी पश्चिम बंगालबाहेर वसण्यास संमती दिली तरच त्यांना मदत मिळणार होती. पश्चिम बंगाल राज्यात आणखी माणसे सामावणार नाहीत ही भूमिका बिधानचंद्र राय यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासूनची होती, आणि ज्या राज्यावर सर्वांत अधिक भार पडला होता त्याने ती घ्यावी हे समजण्यासारखे आहे.

या भूमिकेतूनच १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. ओरिसातील कोरापुट व कालाहांडी आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशातील बस्तर हा त्याचा प्रदेश. प्राधिकरण केंद्राचे, जमीन दोन राज्यांची, त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी, आणि येणारा निर्वासित तिसऱ्याच राज्यातून पाठविलेला, अशी ही चौपदरी रचना होती. राज्यांनी जी जमीन दिली ती बरीचशी हलक्या प्रतीची होती. नदीकाठच्या भातशेतीवर वाढलेल्या शेतकऱ्याला ती कसणे जमेना. प्राधिकरणाचे काही काळ अध्यक्ष असलेले शैवालकुमार गुप्त यांनी पद सोडल्यावर या योजनेची कठोर चिकित्सा लिहून प्रसिद्ध केली, हे सर्वश्रुत आहे.

प्राधिकरणाच्या क्षेत्राबाहेर, तेव्हाच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातही बंगाली कुटुंबे वसविण्यात आली. १९८२ मध्ये या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि त्यांतील अनेक गावे नव्या जिल्ह्याच्या चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत आली. मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू यांच्या सान्निध्यात बंगाली बोलणारी, दुर्गापूजा करणारी, तळी खोदून मासे पाळणारी ही गावे मराठी साहित्यात मात्र अभावानेच दिसतात.

या लोकांपुढील अडचणींचे स्वरूप पाहिले म्हणजे सांध्याची कल्पना अधिक स्पष्ट होते. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने (१९५६ ची सातवी दुरुस्ती) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे सांगितले आहे. परंतु पाठ्यक्रम राज्याचा असतो आणि बंगाली शिकविण्यास शिकलेला शिक्षक तयार होतो तो दुसऱ्याच राज्याच्या पाठ्यक्रमात. शेजारच्या जंगलाविषयी २००६ चा वनहक्क अधिनियम केंद्राने केला. त्यात आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना हक्क मिळविण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. शासनानेच १९६० नंतर आणून वसविलेल्या कुटुंबाला ही अट कधीही पुरी करता येणार नाही. येथील आदिवासींचा जमिनीवरील अग्रहक्क नाकारण्याचा प्रश्नच नाही. तो कायदा त्यांच्यासाठीच झाला आणि तो योग्यच आहे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, या कायद्याच्या वर्गवारीत फाळणीचा निर्वासित कोठेच बसत नाही.

५

तथापि सर्वांत बोलके उदाहरण आहे ते जातींच्या यादीचे. छावण्यांतून बाहेरच्या राज्यांत पाठविल्या गेलेल्यांचा मोठा भाग नमःशूद्र शेतकऱ्यांचा होता. ज्यांच्याजवळ शहरात नातेवाईक, शिक्षण किंवा थोडे भांडवल होते ते डमडम, जादवपूर अशा ठिकाणी वसाहती करून राहू शकले. ज्यांच्याजवळ शेतीखेरीज काहीच नव्हते ते छावणीत गेले आणि छावणीतून दंडकारण्यात. राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र असते. राष्ट्रपती ती राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर करतात आणि तीत बदल करण्याचा अधिकार संसदेस आहे. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादीत आहे, ओडिशाच्या यादीतही आहे. पण १९७६ च्या व्यापक दुरुस्तीनंतरही महाराष्ट्राच्या यादीत तिला स्थान मिळाले नाही. म्हणजे एकाच छावणीतून निघालेल्या दोन भावांपैकी जो मलकानगिरीत उतरला तो अनुसूचित जातीचा राहिला, आणि जो चांद्याला उतरला त्याची जात शासनाच्या दृष्टीने वाटेतच गळून पडली. समाजाच्या दृष्टीने मात्र ती गळून पडली नाही.

या संदर्भात एका ऐतिहासिक गोष्टीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून. आणि त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल यांचे व नमःशूद्र प्रतिनिधींचे प्रयत्न होते. फाळणीमुळे ती जागा गेल्यावर १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. ज्या समाजाने घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीत पाठविले त्याच समाजातील माणसे त्याच्या महाराष्ट्रात आली तेव्हा त्या घटनेचे संरक्षण त्यांना लागू झाले नाही. यात कोणा एकाचा दुष्टावा नाही. यादी करणाऱ्यांनी राज्याची पाहणी केली तेव्हा हे लोक तेथे नव्हते, आणि ते आले तेव्हा त्यांच्या बाजूने यादी उघडणे हे कोणाचेच काम नव्हते.

न्यायालयांनीही हा नियम कायम केला आहे. मर्री चंद्रशेखर राव यांच्या १९९० मधील खटल्यात, मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, एका राज्यातील अनुसूचित जातीची किंवा जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यावर तेथे तो दर्जा आपोआप घेऊन जात नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्रांविषयीच्याच एका याचिकेत त्याला पुष्टी मिळाली. या नियमामागील तर्क असा की, मागासलेपण हे विशिष्ट ठिकाणच्या सामाजिक परिस्थितीशी निगडित असते. स्वेच्छेने नोकरीसाठी स्थलांतर करणाऱ्याच्या बाबतीत तो तर्क पटण्यासारखा आहे. परंतु ज्याला शासनानेच गाडीत बसवून पाठविले, त्याच्या बाबतीत तो लावताना अडखळावयास होते.

हा सांधा केवळ दोन राज्यांमध्येच असतो असे नाही. मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण कैकाडी समाजाचे आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी हे नाव आहे, पण ते विदर्भातील जिल्ह्यांपुरते. आणि चंद्रपूर जिल्ह्यातही राजुरा तहसील वगळून. उर्वरित महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जातींत मोडतो. याचे कारण इतिहासात आहे. विदर्भ पूर्वी मध्य प्रांतात होता, राजुरा हैदराबाद संस्थानात, पश्चिम महाराष्ट्र मुंबई प्रांतात. १९५६ आणि १९६० मध्ये राज्ये जोडली गेली; याद्या पूर्णपणे जोडल्या गेल्या नाहीत. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आपण कैकाडी समाजाचे आत्मकथन म्हणून वाचतो, त्यातील भटकंतीची, शाळेची आणि जातपंचायतीची चर्चा करतो. पण ‘उपरा’ या शब्दाला एक घटनात्मक अर्थही आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ज्या समाजाचे जीवनच एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाण्यात गेले, त्याचा दर्जा मुलखागणिक बदलतो. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात बंगालहून आलेला नमःशूद्र आणि जिल्ह्याच्या एका तहसिलीतून दुसऱ्या तहसिलीत गेलेला कैकाडी यांची अडचण मुळात एकच आहे.

६

एवढ्यावरून संघराज्यपद्धतीच धोरणाला मारक आहे, म्हणून सर्व काही केंद्राकडे द्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्राच्याच इतिहासात याच्या उलट दोन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण नवबौद्धांचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित होता. शिखांना तो १९५६ मध्ये पूर्णांशाने मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झाले आणि लक्षावधी माणसांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अधिकारकक्षेत नवबौद्धांना सवलती देऊ केल्या. केंद्राने आदेशात बदल करून बौद्धांचा समावेश केला तो १९९० मध्ये. मधल्या तीस वर्षांत मराठवाड्यातील आणि विदर्भातील जी पिढी वसतिगृहांत राहून शिकली, तिच्यातूनच दलित साहित्याचे अनेक लेखक आणि त्याचा पहिला मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. राज्याला स्वतंत्र निर्णय घेण्याची मोकळीक नसती तर हे घडले नसते.

दुसरे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पातळीवर आली. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला, आणि २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. एका राज्याने केलेला प्रयोग देशाने स्वीकारला.

या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. नवबौद्ध आणि दुष्काळग्रस्त शेतमजूर हे महाराष्ट्राचे ‘आपले’ होते. त्यांचे मत महाराष्ट्रात होते, त्यांच्या चळवळी महाराष्ट्रात होत्या, त्यांचे म्हणणे मराठीत मांडले जात होते. राज्य जेव्हा एखाद्याला आपला मानते तेव्हा संघराज्यपद्धती त्याच्या उपयोगी पडते. किंबहुना केंद्राच्याही पुढे जाते. जो दोन राज्यांच्या मध्ये सापडला आणि ज्याला कोणीच आपला म्हटले नाही, त्याच्या बाबतीत तीच पद्धती कोरडी पडते. तेव्हा प्रश्न केंद्र बलवान असावे की राज्ये, हा नाही. सांध्यावरील माणसासाठी अखेरचे उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे, हे आधी ठरलेले आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मरीचझांपीची घटना ही या अनुत्तरित प्रश्नाची सर्वांत दुःखद परिणती होय. विरोधी पक्षात असताना डाव्या पक्षांनी निर्वासितांना बंगालमध्येच वसवावे अशी मागणी केली होती. १९७७ मध्ये ते सत्तेवर आल्यावर दंडकारण्यातील हजारो कुटुंबे १९७८ मध्ये परत निघाली आणि त्यांतील पुष्कळ सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर जाऊन राहिली. आता राज्य शासनाची भूमिका अशी झाली की, हे लोक दंडकारण्य योजनेचे, म्हणजे केंद्राचे आहेत, आणि बेट राखीव वनात आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली आणि मे महिन्यात वस्ती उठविण्यात आली. किती माणसे मेली याविषयी आजही एकवाक्यता नाही. कारण मोजणे हेही कोणाचे काम नव्हते.

७

येथे साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. मरीचझांपीविषयी दीर्घ काळ जे बोलले गेले ते मुख्यतः आठवणींतून, नियतकालिकांतील लेखांतून आणि पुढे अमिताव घोष यांच्या २००४ मधील ‘द हंग्री टाइड’ या कादंबरीतून. मनोरंजन ब्यापारी यांचे ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मचरित्र या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. निर्वासितांच्या छावणीतील बालपण, कोलकात्यातील अंगमेहनत, तुरुंगात झालेली अक्षरओळख, रिक्षा ओढत असताना महाश्वेतादेवींशी झालेली भेट आणि छत्तीसगढमधील वास्तव्य असा त्याचा पट आहे. धोरणाच्या भाषेत सांगावयाचे तर हा माणूस पुनर्वसन, कामगार, तुरुंग, शिक्षण आणि वन या पाच खात्यांच्या आणि दोन राज्यांच्या हद्दींतून गेला. त्या पाच खात्यांच्या कागदपत्रांत तो पाच वेगळ्या नावांनी आढळेल. एका माणसाच्या रूपात तो फक्त या पुस्तकात आढळतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) मराठी दलित आत्मकथनांनी जे काम गाव आणि महानगर यांच्या सांध्यावर केले, तेच काम हे पुस्तक राज्याराज्यांच्या सांध्यावर करते. या दोन परंपरांचा तौलनिक अभ्यास केवळ जातीच्या अनुभवाच्या आधारे होतो तोवर तो अपुरा राहील. जात आणि हद्द यांचा एकत्र विचार झाला पाहिजे.

आणि येथे आपल्या विद्याशाखेलाही स्वतःकडे पाहणे भाग आहे. भारतीय साहित्याचे इतिहास आपण भाषावार लिहितो आणि भाषा बहुधा राज्याशी बांधतो. बंगाली साहित्याचा इतिहास पश्चिम बंगालमध्ये (आणि बांगलादेशात) लिहिला जातो. मराठी साहित्याचा महाराष्ट्रात. मुलचेरा तालुक्यात बंगालीत रचलेले कवन किंवा कीर्तन पहिल्या इतिहासात दूरचे म्हणून येत नाही, आणि दुसऱ्या इतिहासात परके म्हणून येत नाही. ज्या चुकीबद्दल आपण शासनाला दोष देतो तीच चूक अकादमीय पातळीवर आपण स्वतः करीत आलो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा देण्यास संमती दिली. या दर्जामुळे प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासाला बळ मिळेल, हे इष्टच आहे. परंतु ज्या मुलाच्या घरात बंगाली, शाळेत मराठी आणि बाजारात गोंडी किंवा तेलुगू आहे, त्याच्या दप्तरात या दोन अभिजात भाषांपैकी एकीचेही ओझे हलके करणारे काही पडेल की नाही, हे कोणत्याच निर्णयात लिहिलेले नाही.

यावर करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. गडचिरोली व चंद्रपूर येथील बंगाली वस्त्यांतील मौखिक साहित्याचे आणि पहिल्या पिढीच्या आठवणींचे संकलन मराठी व बंगाली या दोन्ही विभागांनी मिळून केले पाहिजे. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. हे संकलन दोन्ही लिप्यांत प्रसिद्ध झाले पाहिजे. डमडमच्या वसाहतींतील आठवणी आणि मुलचेऱ्यातील आठवणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एकाच लोहमार्गाने आलेल्या माणसांच्या वाटा कोठे फुटल्या हे दिसेल. आणि त्या फुटण्यामागे नशीब किती आणि याद्या, तारखा व सूची किती, याचा निर्णय पुराव्याने करता येईल. धोरणकर्त्यांनी तो पुरावा वाचावा की न वाचावा हे आपल्या हाती नाही. तो उपलब्ध करून देणे आपल्या हाती आहे.